आधी आजीचं माहेरचं नाव विचारा

पत्र:

आदरणीय ताई, सा. न. वि. वि.

मी मूळची सांगलीची, गेली एकवीस वर्षं टेक्ससमध्ये. नवरा अमेरिकन. सासूबाई नेहमी सांगतात की त्यांची आजी चेरोकी, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीची, होती. घरात कुणाच्या गालाची हाडं जरा वर दिसली की 'ही आजीची देणगी' म्हणतात. एका चुलत नणंदेनं तर 'ती चेरोकी राजकन्या होती' असं नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं आहे. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, कॉलेजचे अर्ज भरायचे आहेत. अर्जात 'अमेरिकन इंडियन' असा एक चौकोन आहे. नवरा म्हणतो, टिक कर, खोटं थोडंच आहे? मुलगी म्हणते, पुरावा दाखवा. नवऱ्याची डीएनए तपासणी केली, तर त्यात तसलं काहीच आलं नाही. सासूबाई रुसून बसल्या. मग कुणीतरी 'डॉझ रोल' नावाच्या जुन्या यादीत शोधा म्हणालं. शोधलं, तर आजीच्या नावाच्या अकरा बायका निघाल्या. आता पुढं काय करू? आणि सासूबाईंना न दुखवता कसं करू?

— माहेर सांगली, सासर टेक्सस

उत्तर:

प्रिय माहेर-सांगली,

मुलगी शहाणी आहे. सध्या तिचंच ऐका आणि तो चौकोन रिकामा ठेवा. नवरा खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्यानं लहानपणापासून जे ऐकलं तेच तो सांगतोय. पण 'आमच्या घरात असं म्हणतात' आणि 'आम्ही चेरोकी आहोत' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पुष्कळ कॉलेजं टिक केल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारतात: कुठली जमात, आणि नोंदणी क्रमांक काय? तिथं गालाची हाडं लिहिता येत नाहीत.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी बारा वर्षं ओक्लाहोमात काढली. तिथल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात वंशावळीच्या टेबलाशी आठवड्यातून दोन दुपारी स्वयंसेवक म्हणून बसायचे. त्या टेबलाशी येणाऱ्या दर चार माणसांमागे एकाची आजी चेरोकी असायची, आणि त्यातल्या निम्म्यांची राजकन्या. पणजोबा चेरोकी होते असं सांगणारा मला क्वचितच भेटला. नेहमी आजीच. गंमत बाजूला ठेवू, पण हा प्रकार मोठा आहे. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत सुमारे पंधरा लाख लोकांनी आपण पूर्ण किंवा अंशतः चेरोकी असल्याचं लिहिलं. तीन मान्यताप्राप्त चेरोकी जमातींची नागरिकसंख्या एकत्र केली तरी त्या आकड्याच्या निम्मीसुद्धा भरत नाही.

राजकन्येचा निकाल आधी लावून टाकते. चेरोकींमध्ये राजे नव्हतेच, त्यामुळे राजकन्याही नव्हत्या. होती ती सात कुळं: लांडगा, हरीण, पक्षी, रंग, निळं, लांब केस आणि रानबटाटा. कूळ आईकडून येई आणि एकाच कुळात लग्न होत नसे. आपल्याकडची देवकं आठवतात ना? फक्त इथं सगळा कारभार आईच्या बाजूनं. म्हणजे तुमच्या सासूबाईंची आजी खरंच चेरोकी असेल, आणि नातं आईकडून आईकडे असं चालत आलं असेल, तर सासूबाईंना जुन्या रिवाजाप्रमाणे एक कूळ मिळायला हवं. कुणाला ते कूळ आठवत नाही, हा काही आजी चेरोकी नव्हती याचा पुरावा नव्हे. पण ग्रुपवर 'राजकन्या' लिहिणाऱ्या नणंदबाईंना एवढं विचारायला हरकत नाही.

आता त्या यादीकडे वळू. डॉझ रोल म्हणजे काय हे नीट समजल्याशिवाय तिच्यात नाव शोधणं म्हणजे सातबारा म्हणजे काय हे न कळता तलाठ्याकडे जाण्यासारखं आहे.

चेरोकींचा मूळ मुलूख आजच्या जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना आणि अलाबामाच्या डोंगरांत. १८३० मध्ये अमेरिकी काँग्रेसनं इंडियन लोकांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा केला. २९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू एकोटा इथं मूठभर चेरोकींनी, जमातीच्या निवडलेल्या सरकारची संमती नसताना, सगळा मुलूख लिहून दिला. १८३८–३९ मध्ये सैन्यानं सुमारे सोळा हजार माणसांना घरांतून काढून पश्चिमेला हाकललं. त्या वाटेवर आणि त्याआधीच्या छावण्यांत चार हजारांच्या आसपास माणसं गेली, असा अंदाज नेहमी दिला जातो. अश्रूंची वाट म्हणतात ती हीच. वाचले ते आजच्या पूर्व ओक्लाहोमात वसले. तिथं त्यांनी टालेक्वाला राजधानी केली, शाळा काढल्या, न्यायालयं उभी केली. जमीन मात्र सामाईक होती. एका माणसाच्या नावावर विकता येईल अशी जमीनच नव्हती.

आणि अमेरिकी सरकारला नेमकं तेच खुपत होतं. सामाईक जमीन फोडून माणशी तुकडे पाडायचे आणि उरलेली बाहेरच्यांना मोकळी करायची, यासाठी १८९३ मध्ये एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष मॅसॅच्युसेट्सचे माजी सिनेटर हेन्री डॉझ. तुकडे पाडायचे तर आधी वाटेकरी मोजायला हवेत, म्हणून ही यादी आली. डॉझ रोल ही वंशावळीसाठी केलेली वही नाही, ती वाटणीपत्राची यादी आहे. हे एकदा मनात पक्कं बसलं की तिच्यातल्या निम्म्या विचित्र गोष्टी आपोआप उलगडतात.

उदाहरणार्थ, एवढे लोक तिच्यात यायला का धडपडले? कारण नाव लागलं की जमीन मिळणार होती. चेरोकींसाठी प्रत्येकी सरासरी प्रतीच्या ११० एकरांइतक्या किमतीची. बातमी टेक्सस, आर्कान्सा, मिसूरीभर पसरली. वकील आणि मध्यस्थ गावोगाव फिरून लोकांना 'तुमच्यात इंडियन रक्त आहे का बघा' म्हणू लागले. चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल अशा पाचही जमातींची नोंदणी हा आयोग करत होता. अडीच लाखांवर लोकांनी अर्ज केले, अंतिम यादीत साधारण एक लाख एक हजार नावं लागली. बाकी नाकारले गेले. माझा असा समज आहे की 'आमची आजी चेरोकी' या कथांचा एक मोठा प्रवाह त्याच काळातून निघाला असावा. अर्ज नाकारला गेला, जमीन मिळाली नाही, पण 'आपल्याला हक्क होता' ही हळहळ घरात राहिली. पुढच्या पिढीत त्या हळहळीची आजी झाली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जे खरोखर चेरोकी होते त्यातल्या अनेकांना या यादीत यायचंच नव्हतं. रेडबर्ड स्मिथ आणि त्यांच्यामागचे कीटूवा परंपरेचे, म्हणजे जुने रिवाज पाळणारे चेरोकी लोक नोंदणीला उभे राहीनात. १९०२ मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. पुष्कळांची नावं शेजाऱ्यांकडून माहिती काढून, त्यांच्या मर्जीविरुद्ध लिहिली गेली. म्हणजे ज्यांना नको होतं त्यांची नावं लागली, आणि हवं होतं त्या हजारोंची लागली नाहीत. आज त्याच यादीवर चेरोकी नेशनचं नागरिकत्व उभं आहे.

आता तुमच्या कामाचं. यादीत यायच्या अटी अशा: तो माणूस किंवा त्याचं कुटुंब चेरोकींच्या आधीच्या यादीत, बहुतेक १८८० किंवा १८९६ च्या, असायला हवं. २८ जून १८९८ च्या कायद्यानुसार तो प्रत्यक्ष इंडियन टेरिटरीत, म्हणजे त्या पूर्व ओक्लाहोमाच्या मुलखात, राहणारा हवा. आणि १ सप्टेंबर १९०२ ला जिवंत हवा. त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी १९०६ मध्ये वेगळी यादी उघडली. ४ मार्च १९०७ ला सगळं बंद झालं. नंतर काँग्रेसच्या कायद्यानं तुरळक नावं वाढली, एवढंच. १९०७ च्याच नोव्हेंबरात ओक्लाहोमा राज्य झालं.

यातली राहण्याची अट पुन्हा वाचा. तुमच्या सासूबाईंची आजी १८९५ च्या आसपास जन्मली असणार, असा मी पिढ्यांवरून हिशोब केला. १८९८ मध्ये तिचे आईवडील आर्कान्सात किंवा टेक्ससमध्ये राहत असतील, तर ते कितीही अस्सल चेरोकी असले तरी डॉझ रोलवर येत नाहीत. म्हणून सगळ्यात आधी हे शोधा की १९०० साली ते कुटुंब कुठे होतं. आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची पोर असणार. आणि तिचं नाव तेव्हा माहेरचं असणार!

त्या अकरा बायकांचं गुपित बहुधा इथंच आहे. तुम्ही आजीचं सासरचं आडनाव घालून शोधलंत, हो ना? टेबलाशी आलेली दहातली आठ माणसं हेच करायची. नोंदणी झाली तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे ती यादीत असलीच तर वडिलांच्या कार्डावर, त्यांच्या आडनावाखाली, 'मुलगी' म्हणून. तुम्हाला सापडलेल्या अकरा जणी दुसऱ्याच घरांच्या.

तेव्हा यादी मिटवून ठेवा आणि खालून वर चढा. मुलीपासून सुरुवात. तिचा जन्मदाखला, त्यावर वडिलांचं नाव. मग नवऱ्याचा दाखला, त्यावर सासूबाईंचं माहेरचं नाव. मग सासूबाईंचा, त्यावर त्यांच्या आईचं. मग त्या आईचा, त्यावर आजीचं. दाखला राज्य सरकारचा, पूर्ण नमुन्यातला आणि प्रमाणित हवा. हॉस्पिटलनं दिलेला पावलांच्या ठशांचा कागद चालत नाही. प्रत्येक पायरीवर दोन नावं जुळली पाहिजेत. मध्ये एक पायरी निसटली की वरचं सगळं लटकतं.

सासूबाईंच्या आईच्या पिढीपाशी अडचण येईल, ती आधीच सांगते. टेक्ससमध्ये राज्यपातळीवर जन्मनोंदणी १९०३ ला सुरू झाली, ओक्लाहोमात १९०८ ला, आर्कान्सात १९१४ ला. सुरू झाली म्हणजे सगळे नोंदवायला लागले असं नव्हे. शेतावर जन्मलेली बाळं वर्षानुवर्षं कागदाबाहेरच राहिली. पण पुढे नोकरी, पेन्शन, रेशन अशा कारणांनी अनेकांनी मोठेपणी उशिराचा दाखला काढला, तो शोधा. तो नसेल तर आजीचा मृत्यूदाखला मागवा, त्यावर बहुधा तिच्या वडिलांचं आणि आईच्या माहेरचं नाव असतं. लग्नाचा परवाना काउंटीच्या कचेरीत असतो. आणि एक रत्न: १९३६ नंतर कधी आजीनं सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेसाठी, अर्ज केला असेल, तर त्या मूळ अर्जावर तिनं स्वतः सांगितलेली आईवडिलांची नावं आहेत. त्याची प्रत सरकारकडून पैसे भरून मिळते. मी त्या प्रतींपाशी माणसांना रडताना पाहिलं आहे, कारण बऱ्याचदा त्यावर आजीची सही असते.

माहेरचं नाव हाती आलं की १९०० ची जनगणना उघडा. तिच्यात नुसतं वय नाही, जन्माचा महिना आणि सालही आहे, त्यामुळे नामसाधर्म्याचा घोळ पटकन सुटतो. आईला किती मुलं झाली आणि किती जगली, हेही तिथं लिहिलेलं असतं. इंडियन लोकांसाठी त्या वर्षी वेगळा फॉर्म होता, त्यात वडिलांची जमात, आईची जमात असे जादा रकाने होते. १९१० मध्येही तसाच. १८९० ची मात्र शोधू नका, तिची कागदपत्रं आग आणि त्यानंतरची हेळसांड यांत बहुतेक सगळी गेली.

समजा १९०० साली ते कुटुंब इंडियन टेरिटरीत निघालं. मग डॉझ रोल उघडायचा. ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीकडे नावावरून शोधायची फुकट सोय आहे, मूळ कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फोर्ट वर्थ शाखेत आहेत आणि त्यांच्या प्रती ऑनलाइन पाहता येतात. फोर्ट वर्थ तुमच्याच राज्यात! तीन गोष्टी मिळतील: अंतिम यादीतली एक ओळ, कुटुंबाचं नोंदणी कार्ड आणि अर्जाचं पाकीट. पुष्कळ लोक ओळीवर थांबतात. तुम्ही कार्डापर्यंत जा. एका कार्डावर एक घर असतं: नाव, वय, नातं, आधीच्या यादीतलं पान, जिल्हा, टपालाचं गाव, आणि प्रत्येकाच्या आईवडिलांची नावं, ते जिवंत की मृत हेसुद्धा. पाकिटात जबाब असतो, प्रश्न-उत्तरांसकट. मामलेदाराच्या कचेरीतले जुने जबाब वाचले असतील तर चव ओळखीची लागेल. कारकून कंटाळलेला, साक्षीदार घाबरलेला.

एक चूक टाळा. कार्डाचा क्रमांक आणि यादीतला क्रमांक हे वेगळे आहेत. शिवाय प्रत्येक जमातीत आणि प्रत्येक वर्गात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे एकच आकडा चार-पाच अनोळखी माणसांचा असू शकतो. कार्डावर इंग्रजी 'डी' असेल तर संशयित, 'आर' असेल तर नाकारलेला. आणि 'लग्नानं नागरिक' अशा वर्गात नाव सापडलं तर तो माणूस गोरा, चेरोकी बाईशी किंवा पुरुषाशी लग्न करून आलेला. त्याचं नाव म्हणजे तुमचा चेरोकी पूर्वज नव्हे.

रक्ताचा अंशही कार्डावर लिहिलेला दिसेल, पूर्ण, पाव, एक-अष्टमांश. त्यावर फार जीव टाकू नका. ते बऱ्याचदा माणसाच्या सांगण्यावरून किंवा समोर बसलेल्या कारकुनाच्या नजरेवरून ठरलं. एकाच आईबापाच्या मुलांना वेगवेगळे अंश लावलेले मी पाहिले आहेत.

आणखी एक वर्ग आहे, त्याच्याबद्दल घाईनं पुढे जाता येत नाही. चेरोकींमधल्या श्रीमंत घरांत काळे गुलाम होते. १८६६ च्या तहानं त्या मुक्त झालेल्या माणसांना आणि त्यांच्या वंशजांना चेरोकींचे पूर्ण हक्क मिळाले. डॉझ आयोगानं त्यांची 'फ्रीडमेन' म्हणून वेगळी यादी केली आणि तिच्यात रक्ताचा अंश लिहिलाच नाही, बाप चेरोकी असला तरी. त्यांच्या कार्डावर त्याऐवजी एक रकाना आहे, पूर्वीच्या मालकाचं नाव. २००७ मध्ये चेरोकी नेशननं मतदान घेऊन या वंशजांचं नागरिकत्व काढलं, २०१७ मध्ये संघीय न्यायालयानं ते परत दिलं, आणि २०२१ मध्ये जमातीच्या सर्वोच्च न्यायालयानं 'रक्तानं' हे शब्दच घटनेतून वगळायला सांगितले. तुमच्या शोधात कुणी पूर्वज या यादीत निघाला, तर सासूबाईंच्या घरात एक वेगळीच शांतता पसरेल. दक्षिणेतल्या काही घरांत 'चेरोकी आजी' ही काळ्या आजीवर घातलेली शाल असते. तुमच्या घरात तसंच असेल असं नाही, पण मनाची तयारी ठेवा. आणि तसं निघालं, तर तेही नाव तितक्याच मानानं वंशावळीत लिहा.

१९०० साली कुटुंब आर्कान्सात किंवा टेक्ससमध्ये निघालं, तर दुसरं दार आहे, गायन मिलर यांचं. पूर्वेकडच्या मुलखातून हाकललेल्या चेरोकींनी जुन्या तहांच्या पैशासाठी अमेरिकी सरकारवर दावा लावला आणि १९०५ मध्ये जिंकला. पैसे वाटायचे कुणाला हे ठरवण्याचं काम मिलर यांच्याकडे आलं. इथं राहण्याची अट नव्हती. १८३५ च्या आणि त्यानंतरच्या तहांच्या वेळी पूर्व चेरोकी असलेल्यांचा जो वंशज २८ मे १९०६ रोजी जिवंत असेल तो पात्र, मग तो कॅलिफोर्नियात का राहत असेना. सुमारे शेहेचाळीस हजार अर्ज आले, त्यांत नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती. मंजूर झाली तीस हजारांच्या थोडी वर.

मला हे अर्ज डॉझ कार्डांपेक्षाही आवडतात. कारण मिलर यांच्या फॉर्मनं आजी-आजोबांपर्यंतची नावं, भावंडं, काका-मामा, मुलं, कुणाचं इंडियन नाव असेल तर ते, सगळं विचारलं. काही अर्जांवर सही चेरोकी लिपीत आहे. ही लिपी सिक्वोया नावाच्या माणसानं १८२१ च्या सुमारास पूर्ण केली. तिच्यात एकेका खुणेला एकेक पूर्ण अक्षर असतं, 'क', 'कि', 'कु' वेगवेगळे. आपल्याला बाराखडीमुळे त्यात नवल वाटत नाही. इंग्रजी शिकलेल्या माणसाला फार वाटतं.

पण याच दारात सगळ्यात जास्त माणसं अडखळतात. मिलर अर्जांची अनुक्रमणिका ऑनलाइन आहे, आणि तिच्यात मंजूर-नामंजूर सगळेच आहेत. एकदा एक निवृत्त शिक्षक टेबलाशी आले. पणजोबांचं नाव अनुक्रमणिकेत सापडलं म्हणून त्यांनी येताना सगळ्यांसाठी डोनट आणले होते. आम्ही दोघांनी मिळून पूर्ण अर्ज उघडला. पणजोबांनी लिहिलं होतं की त्यांना जमातीचं नाव ठाऊक नाही, कधी कुठल्या यादीत नव्हते, पण शेजारच्यानं अर्ज केला म्हणून आपणही करतो आहोत. खाली शेरा: नामंजूर. गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्यांचं अक्षर तर बघा किती सुंदर आहे. तो अर्ज त्यांनी छापून नेला. कारण चेरोकी ठरले नाहीत तरी पणजोबांच्या आईचं नाव त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं.

मिलर यादीत मंजूर नाव निघालं, तर रक्ताचं नातं पक्कं झालं. नागरिकत्व मात्र त्यावर मिळत नाही. त्यासाठी नियम असे आहेत. टालेक्वाची चेरोकी नेशन, साडेचार लाखांहून अधिक नागरिकांची, डॉझ रोलवरचा थेट पूर्वज मागते. आजीची बहीण चालत नाही, आजीच हवी. रक्ताच्या अंशाची किमान अट नाही. त्याच गावची युनायटेड कीटूवा बँड किमान पाव अंश मागते. तिसरी, पूर्व बँड, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात मागे राहिलेल्यांची. तिला १९२४ च्या बेकर रोल या तिच्या स्वतःच्या यादीवरचा थेट पूर्वज आणि किमान एक-षोडशांश अंश लागतो. संघीय सरकार चेरोकी म्हणून मानतं ते या तिघांनाच. बाकी 'अमुक चेरोकी ट्राइब' नावानं पैसे घेऊन ओळखपत्र देणारे पुष्कळ गट आहेत. त्यांच्याकडे वळूही नका, मुलीच्या अर्जावर तर मुळीच नको. आणि नवऱ्याच्या मनात जमातीच्या कॅसिनोंचे पैसे असतील तर तेही मिटवून टाका, चेरोकी नेशन माणशी नफा वाटत नाही.

डीएनएचं थोडक्यात. बाजारातल्या तपासण्यांना जमात ओळखता येत नाही, कारण तुलनेसाठी त्यांच्याकडे चेरोकी नमुनेच पुरेसे नसतात. शिवाय आजी पूर्ण चेरोकी नसून तिचा एखादा लांबचा पूर्वजच चेरोकी असेल, तर त्याचा अंश तुमच्या नवऱ्यापर्यंत जेमतेम पोचला असेल, किंवा पोचलाच नसेल. म्हणून शून्य आलं यावरून आजी चेरोकी नव्हती असं ठरत नाही, आणि अंश आला असता तरी ती होती असंही ठरलं नसतं. २०१८ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी आपला डीएनए अहवाल जाहीर केला तेव्हा चेरोकी नेशननं उघड नाराजी दाखवली, आणि पुढं वॉरन यांनी माफी मागितली. जमातीचं म्हणणं सरळ होतं. आपले कोण हे ठरवायचा अधिकार आमचा आहे, प्रयोगशाळेचा नाही.

आता सासूबाई. त्यांच्यासमोर 'पुरावा' हा शब्द काढू नका. नवऱ्याच्या डीएनए अहवालामुळे त्यांना वाटलं असेल की आपली आजी कुणीतरी खोडून टाकली. त्यांना खरी दुखरी जागा तीच आहे. म्हणून उलटं करा. मुलीला त्यांच्याशेजारी बसवा, फोनवर आवाज रेकॉर्ड करा, आणि आजीबद्दल विचारा. ती कुठल्या गावची, कुठल्या चर्चमध्ये जायची, तिच्या भावांची नावं काय, ती कुणाच्या घरी बाळंतपणाला गेली, कुठं पुरली. नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतही पान नुसत्या आडनावानं उघडत नाही, मूळ गाव सांगावं लागतं. सासूबाईंकडे ते गाव असणार. चेरोकी हा शब्द त्या दुपारी तुमच्या तोंडून आला नाही तरी चालेल. त्या स्वतःच आणतील.

पुढं 'नाही' असं निघालं, तर ते मुलीनंच त्यांना सांगू दे, तुम्ही नाही. सून म्हणून तुम्ही कितीही गोड बोललात तरी ते सुनेचं बोलणं राहील. नात सांगेल तेव्हा तिच्या हातात आजीचा सोशल सिक्युरिटीचा अर्ज असू दे, म्हणजे काही काढून घेण्याच्या आधी काही दिल्यासारखं होईल.

कॉलेजचा अर्ज यासाठी थांबवू नका. दाखले मागवायलाच महिने जातात. मुलीला निबंधात घरची गोष्ट लिहायची असेल तर ती गोष्टच लिहू दे: आमच्या घरात असं म्हणतात, आणि मी शोधते आहे.

१९०० च्या जनगणनेचं पान सापडलं की त्याचा फोटो मला पाठवा. फक्त आजीच्या घराचा नको, वरखालच्या पाच-सहा घरांची नावं येतील असा काढा. त्या काळी लग्नं शेजारीच व्हायची.

— तुमची ताई